रोज रात्रीचा तो स्क्रीनशॉट आधी बंद करा

प्रश्न : माझी मुलगी विदर्भातल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजात एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या वर्षी फिजिऑलॉजी राहिली होती, सप्लिमेंटरीत निघाली. आता गाफील राहायचं नाही म्हणून आतापासूनच नीट-पीजीची (एमडी-एमएसच्या प्रवेशपरीक्षेची) ऑनलाइन टेस्ट सिरीज लावून दिली आहे. रोज रात्री ती स्कोअरचा स्क्रीनशॉट पाठवते. पण सकाळचे तीन तास वॉर्डात वाया जातात. रेडिओलॉजी मिळावी अशी इच्छा आहे, मुलीला संसार सांभाळून करता येते. हल्ली चिडचिड करते, झोप लागत नाही म्हणते, पण अभ्यासात हे चालायचंच. वॉर्डाचा वेळ कसा वाचवावा आणि कोणती सिरीज चांगली, ते सांगावे. – एक पालक, लातूर

उत्तर : तुम्ही विचारलेल्या दोन्ही प्रश्नांच्या आधी मी ‘झोप लागत नाही म्हणते, पण अभ्यासात हे चालायचंच’ या वाक्यापाशी थांबलो. साहेब, हे चालायचं नाही. ४०हून अधिक देशांतल्या मेडिकल विद्यार्थ्यांवरचे अभ्यास एकत्र करून २०१६ मध्ये एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात २७ टक्के विद्यार्थ्यांमध्ये नैराश्य किंवा त्याची लक्षणं दिसली. ११ टक्क्यांच्या मनात आत्महत्येचे विचार येऊन गेले होते. आणि लक्षणं असलेल्यांपैकी उपचार घ्यायला गेले शंभरातले जेमतेम १६. डॉक्टर होऊ घातलेली मुलं डॉक्टरकडे जात नाहीत, कारण घरी काय म्हणतील ही धास्ती असते. तुमच्या मुलीला तसं काही आहे, असं पत्रावरून मी म्हणणार नाही. पण ती झोपेबद्दल बोलली आणि तुम्ही ते अभ्यासाच्या खात्यात टाकून मोकळे झालात. ती पुन्हा सांगेलच असं नाही.

म्हणून या आठवड्यात एकदा तिच्या कॉलेजच्या गावची गाडी पकडा. पुस्तकं, मार्क, सिरीज यातलं काही काढू नका. जेवायला घेऊन जा आणि ती बोलेल ते ऐका. झोपेची तक्रार दोन-तीन आठवडे चालू असेल तर तिच्याच रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. तिथे ओळखीचे लोक भेटतील असा संकोच वाटला, तर १४४१६ हा मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी टेली-मानस हेल्पलाइनचा क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं.

आणि स्क्रीनशॉट बंद. डिसेक्शन केलेली, रोज आजारी माणसांमध्ये वावरणारी मुलगी रात्री वडिलांना गुणांची हजेरी देते, हे वाचून मला तुमच्यापेक्षा तिच्या सोशिकपणाचं आश्चर्य वाटलं. अकरावी-बारावीला लातुरात हे चाललं, त्यातून ती इथवर पोचली, हे मान्य. तो क्लास आता सुटला आहे. फिजिऑलॉजी राहिल्याचंही मनातून काढा. नीट-पीजीच्या गुणांत तो निकाल धरतच नाहीत.

आता वॉर्ड. तिथला वेळ फुकट जातो असं मुलंही एकमेकांना सांगतात, कारण नीट-पीजी म्हणजे २०० बहुपर्यायी प्रश्न, त्यात रुग्णाला हात लावावा लागत नाही. नियम पाहिला तर वाद तिथेच मिटतो : प्रॅक्टिकलला ८० टक्के हजेरी नसेल तर विद्यापीठाच्या परीक्षेलाच बसता येत नाही. पण नियम बाजूला ठेवू. जॉर्ज मिलर या अमेरिकी वैद्यकशिक्षकाने १९९० मध्ये डॉक्टरच्या तयारीच्या चार पायऱ्या सांगितल्या : माहीत असणं, कसं करायचं ते माहीत असणं, करून दाखवता येणं आणि रोजच्या कामात प्रत्यक्ष करणं. चारातला एक पर्याय निवडणारी परीक्षा खालच्या दोन पायऱ्यांवर थांबते. तिसरी तपासायला स्कॉटलंडमधल्या डंडीत रोनाल्ड हार्डेन यांनी १९७५च्या सुमारास ऑस्की नावाची प्रात्यक्षिक परीक्षा आणली. त्यात विद्यार्थी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातो, ठरल्या मिनिटांत कुठे बीपी घेतो, कुठे हिस्ट्री म्हणजे रुग्णाकडून आजाराची माहिती, आणि परीक्षक समोरच्या यादीवर खुणा करतो. आपल्याकडच्या २०१९नंतरच्या अभ्यासक्रमातही हीच दिशा आहे, शिकलेल्या कौशल्यांची सहीनिशी नोंद ठेवणारं लॉगबुक त्यासाठीच आलं. (त्यातल्या सह्या काही ठिकाणी एका बैठकीत उरकतात, हे मलाही ठाऊक आहे.) ॲपमधला रुग्ण वय, लक्षणं, ईसीजी असं सगळं नीट मांडून देतो. वॉर्डातली आजी म्हणते, ‘जीव घाबरा होतो माय, अन् काही गोड लागत नाही.’ यातून हृदय, थायरॉइड की घरातलं दुखणं, हे कसं शोधायचं ते खाटेजवळ उभं राहूनच कळतं.

अमेरिकेत मॅक्सीन पापाडाकिस आणि सहकाऱ्यांनी डॉक्टरांना परवाना देणाऱ्या मेडिकल बोर्डांनी कारवाई केलेल्या २३५ डॉक्टरांच्या कॉलेजमधल्या जुन्या नोंदी काढल्या आणि कारवाई न झालेल्या ४६९ जणांशी ताडून पाहिल्या. हा अभ्यास २००५चा. कमी गुणांचा संबंध होता, पण थोडा. त्याहून बराच ठळक संबंध दिसला तो विद्यार्थी असतानाच्या बेजबाबदारपणाचा, आणि चूक दाखवली तरी न सुधारण्याचा. हे दोन्ही वॉर्डात युनिटच्या सरांना दिसतं. स्कोअरच्या स्क्रीनशॉटमध्ये दिसत नाही.

टेस्ट सिरीजला माझा विरोध नाही, उलट स्वतःला प्रश्न विचारून केलेला अभ्यास टिकतो. रेसिडेंट डॉक्टरांवरच्या २००९ च्या एका प्रयोगात एकच विषय काहींनी पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी त्यावर पुन्हा पुन्हा चाचण्या दिल्या. सहा महिन्यांनी चाचणीवाल्यांना ३९ टक्के गुण पडले, वाचणाऱ्यांना २६. मात्र प्रश्न चुकला की उत्तर शोधायचं, हा त्यातला फायदा. चुकलेला प्रश्न रात्री वडिलांना दिसणार असेल तर मूल सोपे प्रश्न निवडायला शिकतं.

नीट-पीजी, एम्ससाठीची आयएनआय-सीईटी, पुढेमागे आलीच तर नेक्स्ट ही एमबीबीएसच्या शेवटची नियोजित देशव्यापी परीक्षा, हे सगळं इंटर्नशिपच्या आसपास पाहू. रेडिओलॉजीचं म्हणाल, तर कोणती शाखा झेपेल हे वेगवेगळ्या विभागांतल्या सगळ्या पोस्टिंग झाल्यावर तिचं तिला कळेल. मुलगा असता तर संसाराचा मुद्दा तुम्ही लिहिला असता का, हे विचारून ठेवतो. उत्तर मला पाठवायची गरज नाही.

सिरीजचं नाव मी मुद्दाम दिलेलं नाही. ते तिला सीनियर सांगतील, आणि हवी असेल तेव्हा ती तुमच्याकडे पैसे मागेल.