पकडलेल्या रहदारीतले वेगवेगळे आयपी पत्ते

प्रश्न : कार्यालयातील नेटवर्कची तासाभराची रहदारी मी वायरशार्कने (नेटवर्कवरून जाणारा-येणारा डेटा टिपणाऱ्या सॉफ्टवेअरने) फाइलमध्ये साठवली आहे. तिच्यातील प्रत्येक आयपी पत्ता एकदाच येईल, अशी यादी कशी काढावी?

उत्तर : वायरशार्कच्या ‘स्टॅटिस्टिक्स’ मेनूतील ‘एंडपॉइंट्स’ ही खिडकी उघडल्यास प्रत्येक पत्ता एकदाच, पॅकेटांच्या (डेटाच्या छोट्या तुकड्यांच्या) संख्येसह दिसतो; बहुतेकांचे काम एवढ्यावर भागते. फाइल अवाढव्य असेल, तर टीशार्कने (वायरशार्कच्या टंकलेल्या आज्ञांवर चालणाऱ्या रूपाने) पाठवणारा आणि घेणारा असे दोन्ही पत्ते एका ओळीत एक याप्रमाणे उतरवून घ्यावेत आणि ‘युनिक’ (uniq) ही आज्ञा देण्यापूर्वी ती यादी ‘सॉर्ट’ (sort) या आज्ञेने अवश्य क्रमाने लावून घ्यावी, कारण ‘युनिक’ केवळ लागोपाठ आलेल्या सारख्या ओळी गाळते (भलेभले इथेच फसतात). १९२.१६८ने सुरू होणारे पत्ते खासगी नेटवर्कमधले असल्याने बाहेरचे संपर्क शोधताना ते वगळावेत.