परदेशी निधी आणि शाश्वत विकास : सातारा-सांगलीच्या वाचकांचे प्रश्न

शाश्वत विकासाची सतरा ध्येये आणि परदेशी मदत या विषयावर दोन्ही जिल्ह्यांतून बरीच पत्रे आली. त्यांतले पाच प्रश्न निवडले आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : ग्रामपंचायतीच्या भिंतीवर सतरा ध्येयांचा फलक रंगवून झाला. तरी पंचायत ॲडव्हान्समेंट इंडेक्समध्ये, म्हणजे ग्रामपंचायतींना गुण देणाऱ्या केंद्राच्या निर्देशांकात, गाव 'क' श्रेणीतच आहे. गुण वाढवायला परदेशी संस्थेची मदत मिळेल का? – एक सरपंच, माण तालुका

उत्तर : फलकाला गुण नसतात. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने सप्टेंबर २०१५ मध्ये सतरा ध्येये आणि १६९ लक्ष्ये मंजूर केली. ती गावाच्या आवाक्यात यावीत म्हणून केंद्राच्या पंचायतराज मंत्रालयाने नऊ संकल्पना ठरवल्या. गरिबीमुक्त, आरोग्यदायी, बालस्नेही, जलसमृद्ध, स्वच्छ व हरित, पायाभूत सुविधांनी स्वयंपूर्ण, सामाजिकदृष्ट्या सुरक्षित, सुशासनयुक्त आणि महिलास्नेही गाव, अशा त्या नऊ. गुण मिळतात ते याच नऊ संकल्पनांवर, पहिल्या निर्देशांकात त्यासाठी ४३५ निर्देशक लावले होते. 'क' म्हणजे ४० ते ६० गुण. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. २०२२-२३ च्या पहिल्या निर्देशांकात २ लाख १६ हजार २८५ ग्रामपंचायतींची माहिती तपासून पक्की झाली. त्यांतल्या १ लाख ३२ हजार ३९२ तुमच्याच श्रेणीत होत्या आणि नव्वदीच्या वर देशात एकही नव्हती.

आधी संकल्पनानिहाय गुणांची प्रत काढा आणि कमी गुणांच्या बाबींचे तीन गठ्ठे करा. पहिला गठ्ठा, काम झाले आहे पण माहिती भरली नाही किंवा चुकीची भरली. हा गठ्ठा बहुधा सर्वांत जाड निघतो. कुपोषणाचे आकडे अंगणवाडीच्या रजिस्टरात, लसीकरणाचे उपकेंद्रात, पटसंख्या शाळेत असते आणि शेवटच्या दिवशी ग्रामपंचायत अधिकारी एकटा बसून सगळे रकाने भरत असतो. सेविका, आशाताई, मुख्याध्यापक आणि तलाठी यांना एका टेबलाशी बसवून भरा, गुण तिथेच वाढतील. दुसऱ्या गठ्ठ्यातली कामे दुसऱ्या खात्याची असतात, तिथे ठराव आणि पाठपुरावा एवढेच आपल्या हातात. खरोखर पैसे लागतात ते तिसऱ्या गठ्ठ्याला.

आणि ते पैसे परदेशातून यायची गरज नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळातल्या निधीत ६० टक्के बंधित, म्हणजे ठरलेल्या कामालाच वापरायचा होता, त्यात निम्मा पाण्याला आणि निम्मा स्वच्छतेला. उरलेला ४० टक्के अबंधित. हा अबंधित निधी पेव्हिंग ब्लॉक आणि हायमास्ट दिव्यांत जातो, हे तालुक्यात कुणीही फिरून पाहावे. आराखड्याची ग्रामसभा असेल तेव्हा गणपूर्ती पाहून घ्या, १५ टक्के मतदार किंवा १०० मतदार, जे कमी असेल ते. महिला सभा आधी घ्या. तिथे दिव्यांची मागणी फारशी येत नाही, पाण्याची येते.

माणसाठी 'जलसमृद्ध गाव' हीच संकल्पना आधी घ्या आणि पाण्याचा ताळेबंद मांडा. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर. गावाचे क्षेत्र १,२०० हेक्टर आणि पाऊस ४५० मिलिमीटर धरला तर ५४० कोटी लिटर पाणी पडले. त्यातले बरेचसे वाफ होऊन किंवा ओढ्याने वाहून जाते, म्हणून हा आकडा हातातला समजू नका. आता खर्चाची बाजू. दोन हजार लोकांना माणशी रोज ५५ लिटरप्रमाणे वर्षाला साधारण चार कोटी लिटर लागतात. पाटाने भिजवलेल्या उसाला २,००० मिलिमीटरच्या आसपास पाणी लागते, म्हणजे हेक्टरी दोन कोटी लिटर. दोन हेक्टर ऊस आणि अख्ख्या गावाचे वर्षाचे पिण्याचे पाणी, हिशेब सारखाच. रंगवायचाच असेल तर पुढच्या वर्षी भिंतीवर हा ताळेबंद रंगवा.

प्रश्न : आमची धर्मादाय नोंदणी असलेली संस्था आहे. एक युरोपीय संस्था चारा आणि बंधाऱ्यांसाठी पैसे द्यायला तयार आहे. पुण्याची एक मोठी संस्था म्हणते, 'आमच्या खात्यावर घेतो आणि तुम्हाला देतो.' चालेल का? – एक कार्यकर्ते, जत

उत्तर : नाही, अजिबात चालणार नाही. परकी योगदान नियमन कायद्यात, म्हणजे एफसीआरएत, २०२० साली दुरुस्ती झाली आणि एका संस्थेने परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळता करणे बंद झाले. दोघांची नोंदणी असली तरी बंद. यात अडकणाऱ्या बहुतेकांची नियत चांगली असते, जुना रिवाज तेवढा डोक्यातून गेलेला नसतो. पुण्याच्या संस्थेला जतमध्ये काम करायला मनाई नाही. तिने स्वतः खर्च करावा, बिले तिच्या नावाची, मजुरांची हजेरी तिची, आणि गावात लोक जमवायचे काम तुमचे. पैसा तुमच्या खात्याला शिवता कामा नये.

स्वतः पैसे घ्यायचे असतील तर दोन वाटा आहेत. कायम नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षे जुनी हवी आणि गेल्या तीन आर्थिक वर्षांत मूळ उद्दिष्टांवर १५ लाख रुपये खर्च केलेले हवेत. यात पगार, भाडे, प्रवास असला कार्यालयीन खर्च धरायचा नाही, आणि लहान संस्था नेमक्या इथे आपटतात. ऑडिट रिपोर्टमध्ये सगळा खर्च 'संस्था खर्च' या एकाच ओळीत दाखवलेला असतो. सीएंना आजच सांगा, चारा छावणी, बंधारा, शिबिर असे कामवार शीर्ष पाडा.

तेवढा खर्च झालेला नसेल तर पूर्वपरवानगीची वाट आहे. ती एका देणगीदाराच्या, एका कामाच्या, ठरावीक रकमेसाठी मिळते. देणगीदाराचे रक्कम आणि हेतू स्पष्ट लिहिलेले हमीपत्र लागते. कोणत्याही वाटेने गेलात तरी दर्पण क्रमांक (नीती आयोगाच्या पोर्टलवरचा संस्थेचा क्रमांक), पदाधिकाऱ्यांचे आधार आणि प्रतिज्ञापत्रे लागतात. परदेशी पैसा पहिल्यांदा उतरणार तो स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतच. तिथून जतमधल्या खर्चाच्या खात्यात आणता येतो. त्या खात्यात स्थानिक देणगीचा एक रुपयाही मिसळू नका. परदेशी रकमेवरचे व्याजसुद्धा परदेशी योगदानच धरले जाते.

नंतरची शिस्त अशी : प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत. दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत एफसी-४ हे परदेशी निधीचे वार्षिक विवरण, वर्षभरात छदाम आला नसला तरी निरंक भरायचे. नोंदणी पाच वर्षांची, नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याआधीच्या सहा महिन्यांत. विश्वस्त बदलले तर धर्मादाय कार्यालयाकडे ९० दिवसांत बदल अर्ज आणि एफसीआरएच्या पोर्टलवर ४५ दिवसांत वेगळी कळवणूक. धर्मादायचा बदल अर्ज वर्षानुवर्षे पडून राहतो आणि दिल्लीत जुनी नावे, इथे नवी नावे असा घोळ होतो. नूतनीकरण अडकते ते बऱ्याचदा यातच.

आणखी एक. खासदार-आमदारांप्रमाणेच सरपंच, पंचायत सदस्य आणि नगरसेवक यांनाही परकी योगदान घेता येत नाही. कायद्यात पंचायत आणि नगरपालिका 'विधिमंडळा'च्या व्याख्येतच धरल्या आहेत. अशांना विश्वस्त मंडळात घेणे टाळा, मान द्यायचा तर उद्घाटनाला बोलवा. संयुक्त राष्ट्रे आणि जागतिक बँक मात्र या कायद्यात 'परकी स्रोत' मानलेली नाहीत.

प्रश्न : म्हैसाळ उपसा सिंचन योजनेच्या सौर प्रकल्पाला जर्मनीने आणि कृष्णेच्या पुराच्या कामांना जागतिक बँकेने पैसे दिले म्हणतात. ही मदत की कर्ज? कामात घर-जमीन गेली तर दाद कुठे मागायची? – मिरज आणि सांगली गावभागातील वाचक

उत्तर : दोन्हीकडे कर्जच. म्हैसाळचा पंप चालवण्यात विजेचे बिल हीच मोठी डोकेदुखी, म्हणून सौर वीज. त्यासाठी जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेचे कर्ज. धुळे जिल्ह्यातल्या साक्रीच्या सौर प्रकल्पालाही याच बँकेचे कर्ज होते. बातमीत 'मदत' हा शब्द येतो, कारण बाजारापेक्षा स्वस्त कर्जातला सवलतीचा भाग देणारे देश विकास सहाय्य म्हणून मोजतात.

कर्ज घेते भारत सरकार आणि त्याच अटींवर ते राज्याकडे देते. चलनातल्या चढउताराचा भार राज्यावर. समजा दहा कोटी युरो घेतले तेव्हा युरो ९० रुपये होता आणि फेडताना १०५ झाला, तर ९०० कोटींच्या मुद्दलाचे १,०५० कोटी होतात. व्याज कमी म्हणून खूश होण्याआधी हा हिशेब पाहावा.

पैसा येतो तोही बहुधा आधी राज्याने खर्च करून मग परतावा मागण्याच्या पद्धतीने. हे दावे दिल्लीच्या मदत लेखा व लेखापरीक्षा नियंत्रकांमार्फत जातात. निविदा बँकेच्या नियमांप्रमाणे काढलेली नसेल तर दावा अपात्र ठरतो आणि खर्च राज्याच्या गळ्यात. 'मंजूर झाला, पण काम दिसत नाही' यामागे पुष्कळदा हेच असते.

आता दाद. सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी. २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेले. त्यामुळे कामे हवीतच, पण ती कुणाच्या तरी जमिनीवरूनच होणार. पहिली तक्रार प्रकल्प कार्यालयाच्या तक्रार निवारण कक्षात लेखी द्या आणि पोच घ्या. उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर जागतिक बँकेच्या प्रकल्पात इन्स्पेक्शन पॅनेलकडे, म्हणजे बँकेच्याच स्वतंत्र तपास यंत्रणेकडे जाता येते. मुख्य अटी अशा की बाधित व्यक्ती किमान दोन असाव्यात आणि प्रश्न बँकेपुढे आधी मांडलेला असावा. अर्ज मराठीत चालतो, वकील लागत नाही, नाव गुप्त ठेवा म्हणता येते. काय नुकसान झाले किंवा होणार, कोणत्या गटात, कोणाला कधी कळवले, हे तारीखवार लिहा, पोचपावत्या जोडा. हे पॅनेल १९९३ मध्ये स्थापन झाले, आणि त्यामागे सरदार सरोवराविरुद्ध नर्मदा खोऱ्यातल्या लोकांनी दिलेला लढा मोठे कारण होता. पॅनेल नुकसानभरपाई देत नाही. बँकेने स्वतःचे नियम पाळले का, एवढेच तपासते. भरपाईसाठी भूसंपादन कायदा आणि जिल्हाधिकारी कार्यालय हाच रस्ता. केएफडब्ल्यूची तक्रार यंत्रणा वेगळी आहे, तिच्याकडे पॅनेलचा अर्ज पाठवू नका.

प्रश्न : जागतिक बँक, संयुक्त राष्ट्रे यांच्या प्रमुखांच्या निर्णयाने आमच्यासारख्यांना काय फरक पडतो? या क्षेत्रात जायचे तर काय शिकावे? – एक विद्यार्थिनी, कऱ्हाड

उत्तर : फरक पडतो, पण वाटतो तिथे नाही. जून २०२३ पासून जागतिक बँकेचे अध्यक्ष असलेले अजय बंगा जन्माने खडकीचे, म्हणून आपल्याकडे कौतुक झाले. कर्ज मंजूर करते ते २५ कार्यकारी संचालकांचे मंडळ. त्यात भारत, बांगलादेश, श्रीलंका आणि भूतान मिळून एकच संचालक असतो, आणि अमेरिकेचे एकटीचे मतदान सोळा टक्क्यांच्या आसपास. सध्याचे दिवस तंगीचे आहेत. श्रीमंत देशांनी राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के मदत द्यावी, असे संयुक्त राष्ट्रांत १९७० साली ठरले. २०२४ मध्ये ते चारच देशांनी पाळले : नॉर्वे, लक्झेंबर्ग, स्वीडन, डेन्मार्क. अमेरिकेची परदेशांना मदत देणारी यूएसएड ही संस्था जुलै २०२५ पासून बंद झाली, आणि तिच्या निधीवर चालणाऱ्या आरोग्य प्रकल्पांतल्या नोकऱ्या भारतातही गेल्या. तेव्हा 'परदेशी संस्थेतली पक्की नोकरी' ही कल्पना सोडून द्या.

संयुक्त राष्ट्रे आणि जागतिक बँक या दोघांच्याही तरुण व्यावसायिकांच्या भरतीत वयाची मर्यादा ३२ आहे, बँकेला पदव्युत्तर पदवी लागते. यूएन व्हॉलंटियर्सचे दार त्यापेक्षा सोपे, आणि त्यात घरबसल्या ऑनलाइन कामही असते. पण 'सोशल वर्क' किंवा 'डेव्हलपमेंट स्टडीज' एवढ्यावर गर्दी फार आहे. कमतरता आहे ती खरेदी-निविदा नियम जाणणाऱ्या, प्रकल्पाचा जमाखर्च वाचणाऱ्या आणि सर्वेक्षणाची आकडेवारी साफ करणाऱ्या माणसांची. दोन वर्षे आटपाडी किंवा खटावमध्ये शेतकरी उत्पादक कंपनीत काढा. जागतिक बँकेचा स्मार्ट प्रकल्प आणि आशियाई विकास बँकेचा मॅग्नेट प्रकल्प अशा कंपन्यांबरोबरच काम करतात, मॅग्नेटच्या पिकांत आटपाडीचे डाळिंब आणि महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी दोन्ही आहेत. तिथे प्रस्ताव लिहिण्यापासून पॅकहाउसचे बिल मंजूर होईपर्यंतचा प्रवास पाहिलात, तर मुलाखतीत सांगायला काहीतरी असेल.

प्रश्न : भाचा अमेरिकेत आहे, गावच्या शाळेला दोन लाख देणार म्हणतो. एफसीआरए लागतो का? – वाई

उत्तर : त्याचा पासपोर्ट कोणता, ते विचारा. भारतीय पासपोर्ट असेल आणि स्वतःच्या बचतीतून, बँकेमार्फत पैसे पाठवत असेल तर ते परकी योगदान नाही, किती वर्षे तिकडे राहतोय याला महत्त्व नाही. अमेरिकी नागरिकत्व घेतले असेल तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे) असूनही तो परकी स्रोत ठरतो, आणि शाळा चालवणाऱ्या संस्थेकडे एफसीआरए नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर पैसे घेता येणार नाहीत. पावती फाडण्याआधी पासपोर्टच्या पहिल्या पानाची प्रत मागवून फाइलला लावा.