हातात धरूनही आणि टीव्हीला जोडूनही खेळता येणारे हायब्रिड गेम कन्सोल खरंच नावीन्यपूर्ण आहेत, की नुसती जाहिरातबाजी?

आहेत नावीन्यपूर्ण. फक्त लोक जे कारण देतात ते चुकीचं आहे. २०१७ साली निन्टेंडो स्विच हा हायब्रिड कन्सोल आला, तेव्हा टीव्हीवरचा गेम हातात आला, यात काडीचंही नवं नव्हतं. एवढ्या ठामपणे सांगतोय, कारण तो उद्योग मी सोलापुरात २००६ च्या उन्हाळ्यात स्कूटरच्या बॅटरीवर करून बसलोय. आणि त्याला "जुगाड" म्हणून माझ्या दाजींनी भर पंगतीत हसून घेतलंय.

आमचं घर अशोक चौकाजवळ, वडील यंत्रमागावर. त्या वर्षीचं लोडशेडिंग आठवत असेल. लाइट गेली की गल्लीतले सगळे माग एकदम थांबायचे आणि त्या शांततेनंच झोपलेली माणसं जागी व्हायची. मी बाहेरच्या खोलीत ८-बिटचा व्हिडिओ गेम लावून पोरांना अर्ध्या तासाला तीन रुपयांनी खेळायला द्यायचो. लाइट गेली की भांडण ठरलेलं. "शेवटच्या लेव्हलला होतो बे, पैसे परत दे!" दिवसाला पंधरा-वीस रुपये असेच जायचे.

गेमला लागायचा नऊ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर. गेमचा सेट उघडून पाहिला तर आत ७८०५ नावाचा व्होल्टेज रेग्युलेटर. म्हणजे बाहेरून काहीही द्या, तो पाच व्होल्ट करून पुढं देणार आणि उरलेल्याची उष्णता करणार. मग स्कूटरची बारा व्होल्टची बॅटरी का चालू नये? पहिल्या दिवशी प्लस-मायनस उलटं लागलं आणि एक सेट जळाला. तो वास अजून नाकात आहे. दुसऱ्या सेटच्या ७८०५ ला डब्याच्या झाकणाची पट्टी कापून स्क्रूनं आवळली, कारण तो बोट ठेववणार नाही इतका तापायचा. चित्रासाठी मावशीचा पाच इंची ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही, त्याला मागं बारा व्होल्टचं सॉकेट होतंच.

चाललं. अंधारात पाच इंचावर आठ डोकी. पण खरी गंमत पुढं आहे. लाइट आली की पोरांना रंगीत टीव्ही हवा, आणि गेम मात्र तिथूनच पुढं. सेट बॅटरीवरच ठेवायचा, पिवळी पिन लहान टीव्हीतून काढायची, मोठ्या टीव्हीत घालायची. सोपं वाटतं ना? पिन ओढताना कॅसेट केसभर जरी हलली तरी पडद्यावर चौकोनच चौकोन, खेळ संपला. मी कॅसेटच्या बाजूला पोस्टकार्डाची घडी खोचायचो. तरी तीनातून एकदा हँग व्हायचाच.

आता दाजी. हिंजवडीत नोकरी. २०१७ च्या दिवाळीला निन्टेंडो स्विच घेऊन आले, दुबईहून कुणाकडून तरी मागवलेला, कारण भारतात त्याची अधिकृत विक्रीच नव्हती. जेवताना मी सहज माझ्या बॅटरीची गोष्ट सांगितली, तर म्हणाले, "ते जुगाड रे. याला म्हणतात इनोव्हेशन." मला लागलं. मी तिथंच यादी वाचली. १९९० चा टर्बोएक्सप्रेस घरच्याच कन्सोलचे गेम हातात चालवायचा. १९९५ चा सेगा नोमॅड तर घरच्या मशीनच्याच कॅसेट घ्यायचा आणि टीव्हीलाही जोडता यायचा, फक्त सहा पेन्सिल सेल दोन-तीन तासांत खलास. सोनीच्या पीएसपीचं २००७ चं मॉडेल टीव्हीला लागायचं, पण गेम मधोमध काळ्या चौकटीत आक्रसून दिसायचा. दाजी म्हणाले, "यातलं एक तरी नाव इथं कुणी ऐकलंय का?" सगळे हसले. बहीणसुद्धा.

जेवणानंतर त्यांनी खेळायला दिला. मी गेम खेळलोच नाही. नुसता डॉकमधून, म्हणजे टीव्हीला जोडलेल्या त्याच्या स्टँडमधून, काढत आणि परत ठेवत बसलो, दहा-बारा वेळा. काढला की टीव्हीवरचं चित्र जायचं आणि दोन-तीन श्वासांत तोच उडी मारणारा गडी हातातल्या पडद्यावर. ना पिन, ना पोस्टकार्ड. दाजींना वाटलं, याला खेळता येत नाही.

तेव्हा कळलं, नवं काय होतं ते. सुटे भाग नव्हेत. त्यातली चिप एनव्हीडियाच्या २०१५ च्या टीव्ही बॉक्समध्ये आधीच होती. ७२०पीचा, म्हणजे उभ्यात ७२० ठिपक्यांचा पडदा, तेव्हाचे बरेच फोन त्याच्या पुढं होते. डॉक तर बिनडोक खोका आहे, वीज आत आणि चित्र बाहेर. पण डॉकमध्ये बसला की भरपूर वीज मिळते म्हणून तीच चिप जास्त वेगानं पळते, चित्र १०८०पीपर्यंत जातं. बाहेर काढला की बॅटरी वाचवायला स्वतःच हळू होते, आणि गेम लिहिणाऱ्यानं दोन्हीचा विचार आधीच केलेला असतो. आमच्या चादरीसारखं. सोलापुरी चादर उलटी करून बघा, नक्षी तीच, रंग आलटून पालटून. मागून वेगळं कापड शिवून ती दुहेरी होत नाही, मागावरच दोन्ही बाजू एकदम विणल्या जातात. नोमॅड आणि माझी स्कूटरची बॅटरी म्हणजे मागून शिवलेलं कापड.

आणखी एक, ज्याबद्दल कुणी बोलत नाही. त्याआधी निन्टेंडो हातातलं थ्रीडीएस आणि टीव्हीचं वी यू अशी दोन वेगळी मशिनं विकायची, गेमही वेगळे. २०१२ च्या वी यूच्या रिमोटलाच पडदा होता, पण कन्सोलपासून लांब गेलात की बंद. वी यू साधारण १.३६ कोटी विकला गेला, स्विच १५ कोटींच्या वर. दोन दुकानांचं एकच दुकान करायची हिंमत, मला वाटतं, चिपपेक्षा मोठी होती.

आणि "जुगाड" म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी निन्टेंडोचा गेम बॉय हा हातातला गेम बनवणारे गुनपेई योकोई वाचावेत. जुनं, स्वस्त, सगळ्यांना पाठ झालेलं तंत्र घ्यायचं आणि ते भलत्याच जागी वापरायचं, हीच त्यांची रीत. ज्या १९८९ साली अटारीनं रंगीत पडद्याचा हातातला गेम आणला, त्याच साली त्यांनी बिनरंगी पडदा आणि चार सेल लावले. दाजी, ऐकताय ना?

तुम्ही घ्यायचा की नाही विचारत असाल तर: पोरगा फक्त हातातच किंवा फक्त टीव्हीवरच खेळणार असेल तर हायब्रिडचे पैसे वाया. २०१९ चा स्विच लाइट टीव्हीला लागतच नाही, दुकानदार ते सांगेलच असं नाही. २०२५ चा स्विच २ जास्त ताकदीचा आहे, पण कल्पना तीच.

गेल्या मे महिन्यात दाजी सहकुटुंब आले. भाच्यानं स्विच आणला, डॉक राहिला पुण्यात. पोरगं रडकुंडीला. साधी टाइप-सीची वायर टीव्हीला लावून भागत नाही, आणि भलताच डॉक लावून कन्सोल बंद पडल्याच्या तक्रारी २०१८ मध्ये बऱ्याच झाल्या होत्या. माझं नव्या पेठेत मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. दाजी चहा घेत म्हणाले, "तू काहीतरी जुगाड कर की रे."

मी म्हणालो, "दाजी, आमच्याकडं आता फक्त इनोव्हेशन मिळतं."

संध्याकाळी दुकानातून चांगला डॉक आणून दिला, ते सोडा.