ऑपरेशनआधी गाठीभोवती बधिरतेचं इंजेक्शन दिलं तर स्तनाचा कॅन्सर परत येणं खरंच कमी होतं का?

भाऊ, मामींचं ऑपरेशन पंधरा दिवसांवर आलंय आणि टाटा रुग्णालयाच्या डॉ. राजेंद्र बडवे यांच्या इंजेक्शनाचा व्हिडिओ पाहून तुम्ही विचारलंय की हे खरं की नुसती व्हॉट्सअ‍ॅपची गोष्ट. खरं आहे. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात स्टाफ नर्स आहे आणि माझ्या थोरल्या जावेलाही हाच आजार झाला, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ते औषध म्हणजे लिग्नोकेन. सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत विळ्यानं बोट कापलेली बाई येते, जखमेत माती अन् भुसा चिकटलेला असतो. ती धुऊन टाके घालायच्या आधी आम्ही हेच टोचतो. दोन-तीन मिनिटांत बोट सुन्न.

डॉ. बडवेंच्या गटाचा विचार असा की गाठ काढताना तिला हात लागतो, ओढाताण होते आणि त्या घडीला काही पेशी सुटून अंगात पसरू शकतात. पेशीच्या आवरणात सोडियम आत यायची बारीक दारं असतात. लिग्नोकेन ती बंद करतं, म्हणून तर नस बधिर होते. कॅन्सरच्या पेशीला जागा सोडून सरकायलाही तीच दारं लागत असावीत, असा त्यांचा तर्क. म्हणून ०.५ टक्के लिग्नोकेन गाठीच्या सगळ्या बाजूंनी टोचायचं, ७ ते १० मिनिटं थांबायचं आणि मग चीर द्यायची.

देशातल्या ११ केंद्रांवर सुमारे १,६०० बायकांमध्ये हे तपासलं. निम्म्यांना इंजेक्शन, निम्म्यांना नाही. बाकी उपचार दोन्ही गटांत नेहमीचेच. निष्कर्ष २०२३ साली छापून आले. पाच वर्षांनंतर आजार न उलटता जगत असलेल्या बायका इंजेक्शनवाल्या गटात ८६.६ टक्के, दुसऱ्या गटात ८२.६. हयात असलेल्या ९०.१ आणि ८६.४. म्हणजे शंभरामागे जवळपास चार जीव, अन् खर्च शंभर रुपयांच्या आत! मला हे फार मोठं वाटतं.

पण एक गोष्ट नीट समजून घ्या. या अभ्यासातल्या बायकांची गाठ थेट ऑपरेशन करता येईल अशी होती. मामींना आधी किमो दिली असेल, तर हे आकडे त्यांना लावता येत नाहीत. आणि इंजेक्शन दिलं म्हणून पुढची किमो, शेक (रेडिएशन) किंवा गोळ्या चुकत नाहीत.

माझ्या जावेच्या बाबतीत इथंच अडलं. पोळ्याच्या सुमारास तिच्या हाताला तुरीच्या दाण्याएवढी गाठ लागली होती. एका डॉक्टरनं गाठीला हात न लावताच "दुधाची गाठ असते" म्हणून गोळ्या दिल्या. मला तिनं सांगितलं होळीला, तेव्हा ती लिंबाएवढी झाली होती. एकाच घरात राहतो आम्ही, मी नर्स. "तुले कसं दाखवू, लाज वाटे," एवढंच म्हणाली ती. मग आधी किमो, नंतर ऑपरेशन. इंजेक्शनाचा प्रश्नच उरला नाही.

टाटाचाच आणखी एक अभ्यास आहे, डॉ. इंद्रनील मित्रा यांच्या गटाचा. मुंबईच्या वस्त्यांमधल्या दीड लाखांवर बायका घेतल्या आणि त्यातल्या निम्म्यांची छाती शिकवलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हातानं तपासली. वीस वर्षांचा हिशोब २०२१ मध्ये आला. पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. मशीन नाही, वीज नाही. तेव्हापासून लसीकरणाच्या दिवशी आमच्या आशाताई आल्या की मी खोलीचं दार लावून त्यांना हातानं गाठ कशी शोधायची ते दाखवते.

तुम्ही आता एवढं करा. सर्जनना सरळ विचारा, "गाठीभोवती लिग्नोकेन देणार का?" यात त्यांचा अपमान नाही. मामींना कधी बधिरतेच्या औषधानं त्रास झाला असेल, हृदयाचे ठोके अनियमित असतील, तर तेही आधीच सांगा. दुसऱ्या गावी इंजेक्शन मिळतं का हे शोधण्यात तारीख पुढं ढकलू नका. बायोप्सीच्या (गाठीचा तुकडा तपासल्याच्या) कागदावर ईआर, पीआर (गाठ हार्मोनवर वाढते का) आणि हर-टू (पेशीवरचं एक प्रथिन) हे तीन रिपोर्ट आलेत का ते पाहून घ्या, पुढच्या गोळ्या-औषधं त्यावरच ठरतात. नसतील तर ऑपरेशनआधीच मागा.