आधी हिशोब, मग तिकीट

प्रिय पोरी,

तुझा मेसेज रात्री दोनदा वाचला. मालकाच्या घरातून पळून कुवैतच्या आपल्या वकिलातीत आसरा घेतलेली ती बाई, इकडे तुझ्या दारात बसलेला तिचा नवरा, आणि मधे तू. 'ताई, तिला लवकरात लवकर आणायचं ना?' असं विचारतेस. एवढ्या लांबलचक मेसेजमध्ये तिचे वळ आहेत, मुलं आहेत, कुठल्या पुढाऱ्याला टॅग केलंस तेही आहे. पगार किती महिन्यांचा थकलाय, ते मात्र कुठेच नाही.

आधी हिशोब, मग तिकीट.

मारहाण चालू असेल तर आधी जीव, हे काय तुला सांगायचं? पण ती आता त्या घरात नाही. म्हणजे हिशोबाला वेळ आहे, आणि हाच वेळ आपण रडण्यात घालवतो. तिने विमानात बसावं असं सगळ्यांनाच वाटतं, हे नीट बघ. मालकाला वाटतं, कारण देणं बुडतं. एजंटला वाटतं, कारण तक्रार मिटते. वकिलातीतली एक खाट रिकामी होते. आणि आपल्याला विमानतळावरचा फोटो मिळतो.

असा एक फोटो माझ्याकडेही आहे. २०१८ साली कुवैतने बिनापरवाना राहिलेल्यांना दंड न भरता देश सोडायची सवलत दिली होती. बांद्याजवळची एक बाई तेव्हा तिकडे लपून होती. मालकाने ती फरार झाल्याची तक्रार केलेली. मीच फोनवर तिच्या मागे लागले, 'संधी आहे, ये.' ती आली. आम्ही हार घातला. टॅक्सीत तिने पिशवीतून घडी घातलेलं कालनिर्णय काढलं. पगार न मिळालेल्या प्रत्येक महिन्याच्या पानामागे पेन्सिलीने एक फुली. नऊ फुल्या. महिना ७० दिनार, म्हणजे ६३० दिनार, तेव्हाचे सव्वा लाखाच्या वर. 'ताई, हे कुणाकडे मागायचं?' मी म्हटलं, बघू.

काय बघणार होते? निघण्याआधी तिकडे तक्रार नोंदवलेली नाही, कुणाच्या नावे मुखत्यारपत्र केलेलं नाही. वर्षभराने कर्ज फेडायला ती दुसऱ्या एजंटकडून परत गेली. तेव्हा सवलतीची मुदत संपत आली होती, ती रोज रडायची, वकील मी कुठून आणणार होते? कुणीही हेच केलं असतं. (हे वाक्य मी इतकी वर्षं स्वतःला ऐकवते आहे, आज तूही ऐक.)

म्हणून म्हणते, आधी हिशोब. आणि तिथे कायदाच नाही, असं समजू नकोस. कुवैतमध्ये २०१५ चा घरकामगारांचा कायदा आहे: दिवसाला जास्तीत जास्त बारा तास काम, आठवड्याची सुट्टी, पासपोर्ट मालकाने ठेवायचा नाही. २०१६ मध्ये किमान पगार ६० दिनार ठरला. पण व्हिसा मालकाच्या, म्हणजे कफीलच्या नावावर. घर सोडलं की ती फरार. कायदा एका हाताने देतो, कफाला, म्हणजे कामगाराला मालकाशी बांधणारी ही पद्धत, दुसऱ्या हाताने काढून घेते. आपणही फार शहाणे नाही. घरकामगारांसाठी २०११ साली आंतरराष्ट्रीय करार झाला, भारताने त्याच्या बाजूने मत दिलं आणि अनुमोदन अजून दिलेलं नाही. तीस वर्षांखालच्या बाईने घरकामाला जायचं नाही असा नियम केला. बायका थांबल्या नाहीत, एजंटांनी व्हिजिट व्हिसाची वाट काढली.

'पैशाचं बोलणं आत्ता क्रूर वाटतं' असं तू लिहिलंयस, त्याचा मला राग आला. खरंच आला. ती तिथे पैशासाठीच गेली होती ना? पुण्यात १९८० साली मोलकरणींनी संप केला तो पगारासाठी. दया नको होती त्यांना. आपण मात्र सीमा ओलांडली की कामगार बाईची पीडित बाई करून टाकतो.

बरं, ओरडून झालं. तू झोपली नसशील, माहीत आहे. तिचा जो व्हिडिओ टाकलायस, तो आधी काढून टाक. त्यात तिचा चेहरा दिसतोय. बँकेत आलेल्या रकमांचे मेसेज तिच्या नवऱ्याकडून घे, मालकिणीचे व्हॉइस मेसेज असतील तर तेही, एकही पुसू नका म्हणावं. एजंटला किती दिले, रोख की कसे, ते लिहून घे. शुक्रवार-शनिवार तिकडे कचेऱ्या बंद. रविवारी आपल्या साडेअकराला वकिलातीत तिला फोन लाव, तिकडे नऊ वाजलेले असतील. रडली तर रडू दे, घाई करू नकोस. मग विचार, शेवटचा पगार कुठल्या महिन्याचा मिळाला.

तुझी
ताई