आठ जण आहोत, तरी काम रखडतं

प्रश्न : आमच्या विभागात आठ जण आहोत. भांडण नाही, तंटा नाही, तरी काम वेळेत होत नाही. साहेब म्हणतात, ‘फौजेसारखी शिस्त पाहिजे.’ तुम्ही आधी तोफखान्यात आणि मग कारखान्यात होता. फौजेत हुकूम सोडला की टीम तयार होते का?

उत्तर : नाही हो. नुसत्या हुकमाने रांग सरळ होते, तेवढंच.

तोफेवर प्रत्येकाला नंबर असतो. नंबर वन हा तुकडीचा प्रमुख. कोणी नेम लावतो, कोणी गोळा भरतो, कोणी दारूगोळा तयार ठेवतो. मला वाटायचं, आपलं काम पाठ झालं की सुटलो. पण सरावात उस्ताद मधेच एखाद्याला ‘तू जखमी, बाजूला हो’ म्हणायचे आणि त्याचं काम शेजाऱ्याने उचलायचं. पहिल्या वेळी मी खांबासारखा उभा राहिलो. मग उस्तादांनी सगळ्यांदेखत जे सुनावलं, ते इथे छापता येणार नाही. आणखी एक. धोका दिसला तर ‘स्टॉप’ ओरडायला हुद्दा लागत नाही. कालचा पोरगा ओरडला तरी तोफ थांबते. का ओरडलास, ते नंतर.

कारखान्यात आल्यावर टोयोटाच्या पद्धतीतली ‘अँडन’ दोरी कळली तेव्हा हसूच आलं. तीच गोष्ट! काही चुकतंय असं दिसलं की लाइनवरचा कामगार दोरी ओढतो, टीम लीडर धावत येतो, आणि अडचण वेळेत सुटली नाही तर अख्खी लाइन थांबते.

आता तुमचे आठ जण. मॅक्स रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोरखंड ओढायला लावून जोर मोजला होता. निष्कर्ष १९१३ साली प्रसिद्ध झाले. आठ जण मिळून ओढू लागले की माणशी जोर, एकट्याने ओढताना लागायचा त्याच्या जवळपास निम्म्यावर यायचा. सगळ्यांचा हिसका एका क्षणी बसत नाही, हे एक कारण. ‘बाकीचे आहेतच की’ हे दुसरं. तुमच्याकडे भांडण नाही म्हणता, मला त्याचीच शंका येते. कुठलं काम कुणाचं हे ठरलेलंच नसेल, तर भांडणार कशावरून?

तेव्हा कवायत राहू द्या. प्रत्येक कामापुढे एकच नाव लिहा आणि खाली, तो नसेल तेव्हा उचलणाऱ्याचं. महिन्यातून एक दिवस पहिल्या नावाला मुद्दाम बाजूला बसवा. आणि कोणी ‘थांबा, हे चुकतंय’ म्हणालं की साहेबांचा चेहरा कसा होतो, तेवढं मला कळवा.