विश्वासात नव्याने आलेल्या बंधूस

येशूच्या शिष्यांना ‘ख्रिस्ती’ हे नाव प्रथम अंत्युखिया या शहरात मिळाले (प्रेषितांची कृत्ये ११:२६), आणि लोकांनी ते त्यांचे वागणे पाहूनच दिले असावे, असे मला नेहमी वाटते. म्हणून बोलून विश्वासाची साक्ष देण्याची घाई करू नका. दुकानदाराने चुकून जास्त परत दिलेले पैसे त्याच्या हातावर ठेवणे, गैरहजर सहकाऱ्याची निंदा सुरू झाली की तीत भर न घालणे, आणि घरात आवाज चढला की आपण होऊन आधी क्षमा मागणे, यांतून प्रभूची ओळख पटते. क्षमा मागणे, विशेषतः स्वतःच्या मुलांची, मला आजही जड जाते. पण मुले नेमके तेच लक्षात ठेवतात. कोणी तुमच्या आशेचे कारण विचारलेच, तर पेत्राच्या पहिल्या पत्रात (३:१५) सांगितल्याप्रमाणे सौम्यतेने उत्तर द्या.